मुंबईचा खंदक
मे १७३९मध्ये पेशव्यांचे भाऊ चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि मुंबई बेटावरच्या इंग्रजांची झोप उडाली. साष्टी १७३७पासूनच मराठ्यांकडे होती. आता मराठी मुलूख आणि मुंबई यांच्यात उरली माहीमची खाडी. गावाभोवती तट होता, गव्हर्नर चार्ल्स बूनच्या कारकिर्दीत उभा राहिलेला; पण तटाबाहेर खंदक नव्हता.

खंदक म्हणजे पैशाचं काम. गावातल्या देशी व्यापाऱ्यांनी त्यासाठी ३०,००० रुपये वर्गणी काढली. यात कंपनीवरची निष्ठा शोधत बसू नये. त्यांच्या पेढ्या आणि वखारी तटाच्या आत होत्या, एवढं कारण पुरेसं होतं. खर्च पुढे या वर्गणीच्या कितीतरी पलीकडे गेला.

एकीकडे कुदळी चालू आणि दुसरीकडे नजराणे! त्याआधी, वसईच्या वेढ्याच्या काळात इंग्रजांनी तिथल्या पोर्तुगीजांना १५,००० रुपये दिले, तेही चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून. वांद्र्याचा पोर्तुगीज किल्ला मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून तो पाडायला लावला. वसई पडताच मात्र सूर बदलला. कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांकडे तहाची बोलणी करायला गेला, तर कॅप्टन गॉर्डन शाहू महाराजांच्या दरबाराकडे निघाला. गॉर्डनकडे वरकरणी स्नेहाचा निरोप होता. आतून कामगिरी होती ती पेशव्यांवर जळणारे दरबारी हेरून त्यांना चिथावण्याची. जुलैत तह झाला आणि इंग्रजांना पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची मोकळीक मिळाली. खंदकाचं काम तरीही सोडलं नाही. शेजाऱ्याच्या शब्दावर विसंबायचं नाही, हा धडा त्यांनी वसईत घेतला होता.

खंदकापुढे तोफांना मोकळा मारा हवा. म्हणून तटासमोरची झाडं, घरं हटवली गेली आणि एस्प्लनेडचं मोठं मैदान तयार झालं. ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदान हे त्याचेच उरलेले तुकडे. तिथे क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी मराठ्यांचे थोडे आभार मानायला हरकत नाही.

या खंदकावर मराठ्यांचा हल्ला कधी झालाच नाही. उलट १८०२मध्ये पेशवा दुसरा बाजीराव आसरा शोधत वसईला आला आणि तिथेच त्याने इंग्रजांशी तह केला. १८१८नंतर जिच्या धास्तीने खंदक खणला ती सत्ताच राहिली नाही. तरी तट आणि खंदक आणखी चार दशकं वाढत्या शहराची वाट अडवून राहिले. अखेर १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने तट पाडायला घेतला, खंदक बुजला, मोकळ्या जमिनीवर रस्ते आणि इमारती आल्या. अपोलो गेट, बझारगेट आणि चर्चगेट हे तिन्ही दरवाजे गेले. त्यातल्या चर्चगेटचं नाव १८७० साली रेल्वे स्टेशनाला मिळालं.