तळटीप : डिटोनेशन इंजिन आणि त्याचे सिम्युलेशन

* 'डिटोनेशन' म्हणजे नेहमीचे ज्वलन नव्हे. साध्या जेट इंजिनात ज्योत तुलनेने सावकाश पसरते. येथे आघात-तरंग पुढे धावतो, इंधन-हवेचे मिश्रण दाबून तापवतो आणि पाठोपाठ ते पेट घेते. हायड्रोजन-हवेच्या योग्य मिश्रणात या लाटेचा वेग सेकंदाला सुमारे २ किलोमीटर असतो. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतून निघाली तर पाचेक सेकंदांत चिकलठाणा विमानतळ गाठेल. दाब क्षणात सुमारे १५ पट होतो, म्हणून तेवढ्याच इंधनात जास्त काम मिळण्याची आशा आहे. ३१ जानेवारी २००८ रोजी अमेरिकेत मोहावी येथे 'लाँग-ईझी' हे छोटे विमान स्पंदित, म्हणजे एकामागून एक डिटोनेशन घडवणाऱ्या इंजिनाच्या बळावर काही सेकंद उडाले.

अशा लाटेच्या संगणकी सिम्युलेशनची खरी कसोटी मापात आहे. तरंगामागचा, पेट घेण्याआधीचा थर मिलिमीटरच्याही काही दशांश जाडीचा असतो, आणि इंजिन हातभर. गणनेसाठी जागेचे तुकडे पाडणारी जाळी भरड ठेवली की लाटेची खवल्यांसारखी नक्षी पुसली जाते, उत्तर फसवे येते. म्हणून जाळी अतिबारीक लागते, आणि पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये घडवलेल्या 'परम ८०००' या महासंगणकापासून आपल्याकडे रुजलेली समांतर गणनाच असली गणिते पेलते. विद्यार्थ्यांनी सिम्युलेशनच्या आकृतीतले रंग पाहण्याआधी जाळीचे माप जरूर विचारावे. — संपादक