परसबाग : घरामागचा इतिहास

पुण्याचा इतिहास सांगावयाचा म्हटले की वक्ता आपल्या श्रोत्यांना घेऊन शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी उभा राहतो. आज आपण थोडा वळसा घेऊ आणि सामान्य वाड्याच्या मागल्या दाराने आत शिरू. तेथे परस होता आणि परसात भाजी होती. बखरकारांनी लढाया लिहिल्या, तह लिहिले. पडवळाचा मांडव कोणी घातला हे मात्र लिहिले नाही. तो कारभार बहुतांशी घरातल्या बायकांचा, आणि बायकांच्या हातचे काम दप्तरात चढत नसे.

तरीही या बागेची नोंद अजिबात राहिली नाही असे नव्हे. ती आपल्या व्रतांत आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीला, बैलाच्या कष्टाचे अन्न खावयाचे नाही असा नेम आहे. त्या दिवशीच्या भाजीत अळू येते, लाल माठ येतो, भोपळा, दोडका, मक्याचे कणीस येते. हा नेम पाळावयाचा तर हाताने खणलेला वाफा जवळपास कोठेतरी हवाच. म्हणजे ज्या समाजाने हे व्रत धरले, त्याने घरामागची बाग गृहीतच धरली होती. आज हीच भाजी आपण मंडईतून चढ्या भावाने आणतो. ती नांगरल्या रानातली असते. नांगर बैलाचा की ट्रॅक्टरचा, हा वाद शास्त्रीबुवांवर सोपवू.

आणि हा परस सनातनी होता असेही कोणी समजू नये. वांगे, अळू, पडवळ ही आपली जुनी मंडळी. पण मिरची, टोमॅटो, पपई, पेरू, लाल भोपळा, श्रावणघेवडा यांचे माहेर अमेरिका खंडात आहे. पोर्तुगीज आल्यानंतरच्या काळात ही पाहुणी मंडळी आली. त्यांना आपल्या आजीपणज्यांनी आळे करून दिले, आणि आज ती परकी आहेत असे सांगितले तर आपला विश्वास बसत नाही.

ही बाग उभी होती ती तीन आधारांवर : जागा, पाणी आणि खत. जागा परसाची. पाणी विहिरीचे, किंवा नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ आणून भरलेल्या हौदांचे. पण बागेला ताजे पाणी थोडेच जाई. आंघोळीचे व भांड्यांचे पाणी मोरीतून बाहेर पडे, आणि जेथे पडे तेथे अळू आणि केळ. खत म्हणजे गोठ्यातले शेण, चुलीतली राख आणि भाजीची देठे. घराने टाकलेले बागेने घ्यावे व बागेने दिलेले घराने खावे, असा हा व्यवहार होता. अर्थात परस असण्याचे भाग्य सर्वांच्या वाट्याला नव्हते. एका खोलीत संसार करणारी बिऱ्हाडे तेव्हाही पुष्कळ होती.

पुढे हे आधार एकेक करून सुटले. 1886 साली मंडईची नवी इमारत उघडली, आणि शनिवारवाड्यापुढच्या पटांगणातला भाजीबाजार तिच्या छपराखाली गेला. भाजी विकत आणणे सोपे झाले. 1897 च्या प्लेगाने शहराला स्वच्छतेचा कठोर धडा दिला. उघडी गटारे जावयास हवीच होती. पण मोरीचे पाणी जमिनीखालच्या नळात गेले आणि अळवाचा आधार तुटला. गोठे गेले, चुलीही गेल्या. शेवटी 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे कोसळले. त्यानंतरच्या काळात वाड्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती चढत गेल्या, आणि जागा हा आधारही गेला.

मध्यंतरी सरकारला या बागेची आठवण झाली, ती मात्र संकटात. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला, तेथला तांदूळ बंद झाला आणि ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली. त्याच युद्धात लंडनमध्येही घरोघर भाजी लावण्याचा पुकारा चालू होता. टॉवर ऑफ लंडनच्या खंदकातसुद्धा भाजीचे वाफे झाले. पण तेथे आदेशामागे कायदा होता. नागरिकांनी मागणी केल्यास भाजीसाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देण्याची जबाबदारी 1908 च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकलेली होती. युद्ध संपले, पुष्कळसे वाफे मोडले, तरी ते तुकडे आजही आहेत. आपल्याकडे घोषणा आली, पण तिच्या मागे जमीन आली नाही. 1965 च्या टंचाईत लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडा असे सांगितले आणि देशाने ते ऐकले. शहरातल्या माणसाची तयारी होती, वाफा नव्हता.

मग आज काय उरले? जागा उरली आहे, ती डोक्यावर. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी आपल्या ‘प्रयोग परिवारा’तून हेच शिकविले : बाग किती मोठी हे जमिनीच्या मापावर नव्हे, पानांवर किती ऊन पडते यावर मोजा, आणि पालापाचोळा कुजवून माती घरीच तयार करा. खतही उरले आहे. 2016 च्या नियमांनी ओला कचरा घरातच वेगळा करावयास लावले. तो वेगळा झाला की निम्मे काम झालेच. आपण मात्र तो गाडीत टाकून मोकळे होतो. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी तर रोज सिंकमधून जाते.

म्हणून ज्यांना गच्चीत भाजी लावावयाची आहे त्यांनी बियांच्या दुकानात आधी जाऊ नये. आधी स्वयंपाकघरातून काय बाहेर जाते ते आठ दिवस पाहावे. मग गच्ची गळत नाही ना आणि तिला किती वजन पेलेल, हे जाणकाराला विचारावे. नंतर मेथी, माठ, मिरची लावावी.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोडक्याचा वेल धरला की तो एका घराला पुरून उरतो. दोडके फ्रीजमध्ये टिकतात, पण थोडेच दिवस. म्हणूनच परसातली भाजी शेजारी जाई, आणि रिकामी वाटी परत पाठवू नये म्हणून तिकडून काहीतरी येई. सदनिकेत राहावयास आल्यापासून शेजारच्या दारावर टकटक करावयास आपल्याला निमित्त लागते. चार दोडके हे त्याला पुरेसे निमित्त आहे.