तळटीप : हिंगोलीचे राजीव सातव
१. राजीव सातव (१९७४–२०२१) : मूळ कळमनुरीचे. आई रजनी सातव राज्यात मंत्री होत्या. तरी राजीव यांनी सुरुवात पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेपासून केली. २००९ मध्ये कळमनुरीचे आमदार, पुढे युवक काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ पैकी दोनच जागा काँग्रेसला मिळाल्या. नांदेडहून अशोक चव्हाण आणि हिंगोलीहून सातव निवडून आले. सातवांचे मताधिक्य अवघे १,६३२. प्रस्तुत लेखातील ‘त्या दोन जागा’ हा उल्लेख याच निकालाचा. २०२० मध्ये ते राज्यसभेवर गेले. कोविडनंतरच्या गुंतागुंतीमुळे १६ मे २०२१ रोजी पुण्यात निधन. पंचायत समितीपासून संसदेपर्यंत पोचलेले असे नेतृत्व ऐन उमेदीत जाणे, ही मराठवाड्याची मोठी हानी होय. — संपादक