झाडू कोणाच्या हातात

महाराष्ट्रात लोकांनी आपणहून केलेल्या रस्तेसफाईची गोष्ट गाडगेबाबांपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. बाबांनी गावे झाडली, आपणही झाडावीत, एवढाच बोध त्यातून घेतला जातो. मला तो अपुरा वाटतो, कारण गावे बाबांच्या आधीही झाडली जात होती. चावडी झाडणे, मेलेली जनावरे ओढून नेणे ही कामे महार वतनाला जोडलेली होती; शहरांत मैला वाहणाऱ्या जातीही ठरलेल्या होत्या. झाडणारा जन्माने ठरलेला असला की टाकणारा निर्धास्त होतो. रस्त्याकडेच्या घाणीचे मूळ या निर्धास्तपणात आहे, आणि स्वेच्छेने हाती घेतलेल्या झाडूने पहिला घाव घातला तो त्यावरच.

पुरावा पाहा. एडिंबरोत शिकून आलेले, बाँबची विद्या मिळवलेले सेनापती बापट पारनेरचे रस्ते झाडू लागले. झाडणारे हात ब्राह्मणाचे होते, हीच त्या कामातली खरी ठिणगी होती. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी, त्या काळी ज्याला भंगीकाम म्हणत, ते स्वतःसाठी मागितले. तुरुंगातली कामे जातीप्रमाणे वाटली जात, म्हणून त्यांना नकार मिळाला. त्यांनी अन्न कमी केले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही त्या डिसेंबरात उपवास धरला. तुरुंगातली घाण काढायला माणसे होतीच, तरीही एका कैद्याने ते काम मागताच सरकार अडून बसले. झगडा स्वच्छतेचा असता तर असे घडण्याचे कारणच नव्हते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप डॉ. आंबेडकरांचा आहे. सफाईला पवित्र सेवा म्हणून गौरवले की जे पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात अडकले आहेत त्यांची बेडीच गोड केली जाते, हे त्यांचे म्हणणे गांधीविचाराच्या वर्मावर बोट ठेवते. १९२८ साली त्यांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच गुलामीविरुद्ध. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. हौसेने झाडणारा हवे तेव्हा झाडू खाली ठेवू शकतो. जन्माने त्यात अडकलेल्याला ती मुभा नसते. पण म्हणूनच नुसता गौरव करणारे आणि काम बदलू पाहणारे यांत फरक केला पाहिजे. अप्पासाहेब मैला उचलून थांबले नाहीत. कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी खताच्या संडासाचे प्रयोग केले, म्हणजे कोणालाच मैला डोक्यावर वाहावा लागू नये. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला शिवाशिवीबद्दल, कर्जाबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल प्रश्न विचारत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी आंबेडकरांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबांचा झाडू कीर्तनातून वेगळा काढला की उरते ती फक्त झाडलोट.

तसा तो वेगळा निघाला. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, बक्षिसांची चुरस लागली, गावे खरोखर उजळली, संडास बांधले गेले. कोणी विचारील, रोगराई कमी होत असेल तर जातीचा प्रश्न मध्ये कशाला? आरोग्याचा लाभ मोठाच आहे, तो मी कमी लेखत नाही. पण तपासणीचे पथक येऊन गेल्यावर रोजची गटारे कोण उपसतो, हे गुणपत्रिकेला विचारता येत नाही. आज रविवारी हातमोजे घालून रस्त्याकडेचे प्लास्टिक वेचणारी तरुण मंडळी मनापासून राबतात आणि त्यांच्या कष्टाला मोल आहे. मात्र सोमवारी त्याच रस्त्यावर येणारा कंत्राटी कामगार कोणत्या वस्त्यांतून येतो, त्याला हातमोजे आणि पूर्ण वेतन मिळते का, ही चौकशी नगरपालिकेत जाऊन करणे हाही त्याच श्रमदानाचा भाग आहे. तुरुंगातली कामे जातीप्रमाणे वाटणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, अप्पासाहेबांनी अन्न कमी केल्यानंतर जवळजवळ ९२ वर्षांनी.