अहिल्याबाई घाट : खासगीचा हिशेब आणि तुटपुंज्या मिळकतीचा संसार

वाराणसीत दशाश्वमेध घाटाच्या दक्षिणेस, शीतला घाट आणि मुन्शी घाट यांच्यामध्ये अहिल्याबाई घाट आहे. पूर्वी केवलगिरी घाट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ठिकाणी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात होळकरांच्या अहिल्याबाईंनी दगडी पायऱ्या बांधविल्या. मराठी यात्रेकरू येथे आवर्जून थांबतात. मात्र हा घाट कोणत्या पैशातून उभा राहिला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मर्यादित उत्पन्नात घर चालविणाऱ्या कोणालाही ती हकीकत उपयोगी पडेल.

होळकरांच्या कारभारात पैशाच्या दोन वेगळ्या थैल्या होत्या. एक दौलतीची, म्हणजे राज्याची. तीतून फौजफाटा, कारभार आणि पेशव्यांचा भरणा होत असे. दुसरी खासगी. बाजीराव पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र जहागीर दिली. तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे तीन लाख रुपये होते. गौतमाबाई १७६१ मध्ये निवर्तल्या आणि ही खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरहून राज्य करताना त्यांनी या दोन थैल्यांची सरमिसळ होऊ दिली नाही. घाट, धर्मशाळा, विहिरी, अन्नछत्रे यांचा खर्च खासगीतून होत असे. राघोबादादांनी होळकरांच्या खजिन्यावर नजर ठेवली, तेव्हा या धनावर तुळशीपत्र ठेवले आहे असे उत्तर बाईंनी पाठविले, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती शब्दशः खरी असो वा नसो, ज्या कामासाठी पैसा बाजूला काढला त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावायचा नाही, ही रीत मात्र तीत नेमकी उतरली आहे.

या खासगीचा पुढचा इतिहासही बोलका आहे. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये खासगीची मालमत्ता मध्य भारत सरकारकडे गेली आणि तिच्या बदल्यात धर्मादायासाठी दरवर्षी २ लाख ९१ हजार ९५२ रुपये कायमस्वरूपी बाजूला काढण्याचे ठरले. १९६२ मध्ये त्यासाठी इंदूरला न्यास स्थापन झाला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा न्यास मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कक्षेत येतो, असा निर्णय दिला. येथे लक्षात घ्यावयाचा मुद्दा आकड्याचा आहे. गौतमाबाईंच्या काळी तीन लाखांत देशभरची तीर्थे सावरता येत होती. आज तेवढ्या रकमेत एका मोठ्या घाटाची डागडुजीही कठीण. कायमचा ठरलेला आकडा कागदावर तसाच राहतो, बाजारात मात्र वितळत जातो. ठराविक पेन्शनवर जगणाऱ्या वृद्धांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

पाणी चढते तेव्हा

आज घाटावर पोट भरणाऱ्यांमध्ये नावाडी आहेत, फुले-दिवे विकणाऱ्या स्त्रिया आहेत, चहावाले, न्हावी आणि पूजासाहित्याचे छोटे दुकानदार आहेत. यांची मिळकत बारा महिने सारखी नसते. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत यात्रेकरूंची गर्दी असते. श्रावण-भाद्रपदात गंगा चढते, पायऱ्या पाण्याखाली जातात, प्रशासन नौकानयन थांबविते आणि दुकान मांडायला जागाच उरत नाही. वाराणसीत धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. २०२२ आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पाणी तिच्याही वर गेले होते. १९७८ मध्ये ते ७३.९०१ मीटरपर्यंत पोहोचले होते.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपल्याकडे म्हणतात. पण ज्याचे अंथरूण वर्षातून दोन महिने कोणी ओढूनच नेते, त्याला या म्हणीचा फारसा उपयोग नाही. त्याने वर्षाचा हिशेब मांडावयास हवा. उदाहरणादाखल, दहा महिन्यांत एखाद्या घरात १ लाख २० हजार रुपये आले, तर ते कुटुंब स्वतःला महिना बारा हजार मिळविणारे समजते. प्रत्यक्षात ते महिना दहा हजार मिळविणारे आहे. वरचे दोन हजार पुराच्या महिन्यांची ठेव आहे. हे दोन हजार घरखर्चाच्या डब्यात राहिले की संपतात. त्यांची थैली वेगळीच हवी.

टपाल कार्यालयातील आवर्ती ठेव यासाठी सोयीची आहे. ती दरमहा किमान १०० रुपयांपासून सुरू करता येते आणि मुदत पाच वर्षांची असते. बारा हप्ते भरून वर्ष पूर्ण झाल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, त्यामुळे ठेव न मोडता अडचणीचे दिवस निभावतात. परंतु हप्ता दरमहा भरावा लागतो. म्हणून तो पावसाळ्यातही झेपेल एवढा लहान ठेवावा आणि हंगामातील वरकड रक्कम साध्या बचत खात्यात टाकावी. भिशी अनेकांना जवळची वाटते आणि ओळखीच्या दहाबारा जणींत ती चालतेही. मात्र नोंदणी नसलेल्या भिशीचा प्रमुख पसार झाला, तर पैसे परत मिळविणे फार अवघड असते.

हाताशी काहीच नसले की सावकार येतो. शेकडा पाच रुपये दरमहा हे व्याज ऐकायला किरकोळ वाटते. दहा हजारांवर ते महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार होते, म्हणजे साठ टक्के, आणि मुद्दल तसेच उभे. पथविक्रेत्यांसाठी जून २०२० मध्ये सुरू झालेली पंतप्रधान स्वनिधी योजना येथे कामी येते. ऑगस्ट २०२५ मधील फेररचनेनंतर तिचे तीन टप्पे १५ हजार, २५ हजार आणि ५० हजार रुपयांचे असून तिची मुदत मार्च २०३० पर्यंत वाढविण्यात आली आहे. तारण लागत नाही. हप्ते वेळेवर फेडणाऱ्यास ७ टक्के व्याज-अनुदान खात्यात परत मिळते. त्यासाठी नगर निगमाचे विक्रेता प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र आवश्यक असते. फुलवालीला हे मिळू शकते. केवळ नाव वल्हविणारा मात्र विक्रेता ठरत नाही. त्याने असंघटित कामगार म्हणून ई-श्रम नोंदणी करून घ्यावी. वय १८ ते ४० असल्यास श्रमयोगी मानधन योजनेत महिना ५५ ते २०० रुपये भरून साठीनंतर तीन हजारांचे निवृत्तिवेतन मिळण्याची सोय आहे.

काशीवासी मराठी वृद्धांची अडचण

उतारवयात काशीवासासाठी येणाऱ्या मराठी स्त्री-पुरुषांची परंपरा जुनी आहे. त्यांत विधवांचे प्रमाण मोठे होते आणि अन्नछत्रे हा त्यांचा मुख्य आधार होता. आता ती जागा बऱ्याच अंशी शिधापत्रिकेने घेतली आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य दरमहा मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. ‘एक देश एक शिधापत्रिका’ व्यवस्थेमुळे महाराष्ट्रातील कार्डावर वाराणसीच्या रास्त भाव दुकानातूनही धान्य घेता येते. त्यासाठी कार्ड आधारशी जोडलेले असावे.

पेन्शनचे मात्र असे नाही. महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी राज्यात किमान १५ वर्षांचे वास्तव्य लागते. २०२३ मध्ये तिची रक्कम हजारावरून दीड हजार झाली. उत्तर प्रदेशने आपली निराश्रित महिला पेन्शन २०२१ च्या अखेरीस पाचशेवरून हजारावर नेली, पण ती त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. दोन्हीकडे नाव लावता येत नाही. त्यामुळे गाव सोडून काशीस आलेल्या वृद्धेचे नाव एकीकडे हयातीचा दाखला न पोहोचल्याने गळते आणि दुसरीकडे रहिवासाचा पुरावा नसल्याने चढत नाही, असे घडू शकते. मुक्काम कायमचा असेल, तर प्रथम आधारवरील पत्ता बदलावा, मग नव्या राज्यात अर्ज करावा. मुक्काम काही महिन्यांचाच असेल, तर गावचा पत्ता मुळीच बदलू नये आणि हयातीच्या दाखल्याची तारीख चुकवू नये.

या पेन्शनांमागील केंद्राचा वाटा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमातून येतो. हा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला; अहिल्याबाईंच्या निधनास त्याच आठवड्यात दोनशे वर्षे पूर्ण झाली होती. दारिद्र्यरेषेखालील ४० ते ७९ वयाच्या विधवेसाठी केंद्राचे दरमहा ३०० रुपये २०१२ मध्ये ठरले. त्यानंतर बराच काळ हा आकडा हललेला नाही. खासगीच्या २ लाख ९१ हजार ९५२ रुपयांचीच ही छोटी आवृत्ती म्हणावी लागेल.

आजारपणाचा खर्च सर्वांत मोठा, आणि तोच कर्जाकडे नेतो. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळतात. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील कोणासही उत्पन्नाची अट न लावता तिचा लाभ देण्यात येतो आणि हे कार्ड राज्याबाहेरील संलग्न रुग्णालयांतही चालते. दाखल होण्यापूर्वी ते रुग्णालय योजनेत आहे की नाही, हे तेथील आरोग्यमित्राकडे विचारून घ्यावे.

यांतील पैशाची मदत खात्यातच जमा होते, म्हणून खाते चालू स्थितीत असावे लागते. जनधन खाती ऑगस्ट २०१४ पासून उघडली गेली. त्यांची ओळख-पडताळणी दहा वर्षांनी पुन्हा करावी लागते. आधारपत्र आणि एक छायाचित्र घेऊन आपल्या शाखेत किंवा बँकमित्राकडे गेल्यास ते काम होते. बोटांचे ठसे झिजल्याने यंत्र ओळखत नसेल, तर आधार केंद्रात जाऊन ते अद्ययावत करून घ्यावे. वल्ही मारणाऱ्यांच्या आणि भांडी घासणाऱ्यांच्या बाबतीत ही अडचण नेहमी येते.