तळटीप : नॅनोकण आणि इम्युनोथेरपी

३. नॅनोकण : मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर; माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. डॉक्सोरुबिसिन हे लालभडक कर्करोगविरोधी औषध शिरेतून दिले की गाठीबरोबर हृदयालाही इजा करू शकते. तेच सुमारे १०० नॅनोमीटरच्या मेदाच्या पुडीत बांधले, तर निरोगी रक्तवाहिन्यांतून सहसा बाहेर पडत नाही. गाठीतल्या विरविरीत वाहिन्यांतून मात्र झिरपते. असे पहिले औषध अमेरिकेत १९९५ साली मान्य झाले. दुसरा मार्ग इम्युनोथेरपीचा; तिच्यात रुग्णाची प्रतिकारशक्तीच लढते. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्याने घडलेल्या ‘नेक्सकार१९’ उपचारात रुग्णाच्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशी) काढून, जनुकीय बदल करून परत देतात. काही रक्तकर्करोगांसाठी त्याला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. हे बदल शरीरातच नॅनोकणांकरवी घडवण्याचे प्रयोग आता जगभर चालू आहेत. आपल्याकडे नांदेडजवळच्या विष्णुपुरीत विद्यापीठ, अभियांत्रिकी संस्था आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकाच गावात आहेत. प्रयोगशाळा आणि रुग्ण इतके जवळ असताना हे संशोधन इथेही रुजायला हवे. – संपा.