चिकनमधलं अँटिबायोटिक: खरा धोका औषधाचा की जिवाणूंचा?

"चिकनमध्ये अँटिबायोटिक असतं म्हणे, खायचं की नाही?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्यात दोन गोष्टींची सरमिसळ होते: मांसात उरलेला औषधाचा अंश आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू. हा लेख दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

प्रतिरोध कसा वाढतो?

ब्रॉयलर कोंबडी साधारण ३५ ते ४२ दिवसांत विक्रीला तयार होते. एका शेडमध्ये हजारो पक्षी असतात. आजार पसरू नये, वजन लवकर वाढावं म्हणून खाद्यातून किंवा पाण्यातून थोडं थोडं अँटिबायोटिक द्यायची पद्धत जगभर पडली. यात साधे जिवाणू मरतात आणि बचावाचं जनुक असलेले उरतात. ई. कोलायसारखा जिवाणू अनुकूल स्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. मग शेडमध्ये त्यांचंच राज्य!

कोलिस्टिनचं उदाहरण

कोलिस्टिन हे जुनं औषध. मूत्रपिंडाला इजा होते म्हणून डॉक्टरांनी ते जवळपास बाजूला ठेवलं होतं. पुढे इतर औषधं चालेनाशी झाली, तेव्हा आयसीयूमधला शेवटचा पर्याय म्हणून ते परत आलं. तिकडे पशुखाद्यात मात्र ते वापरलं जातच होतं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-१ हे जनुक जाहीर केलं. ज्या जिवाणूकडे ते असतं, त्याच्यावर कोलिस्टिन नीट चालत नाही. डुकरं, कच्चं मांस (कोंबडीचंसुद्धा) आणि रुग्णालयातले रुग्ण, तिन्हीकडे ते सापडलं.

प्लास्मिड म्हणजे काय?

हे जनुक प्लास्मिडवर होतं. प्लास्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्रापासून वेगळं असलेलं डीएनएचं छोटं वर्तुळ. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मी त्याला प्लगइन समजतो. एक जिवाणू त्याची कॉपी दुसऱ्याला देतो, कधी कधी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. 'इन्स्टॉल करू का?' असं इथे कोणी विचारत नाही.

बंदीने फरक पडतो का?

पडतो. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी पशुखाद्यात कोलिस्टिन घालणं बंद केलं आणि पुढच्या काळात तिथे एमसीआर-१ चं प्रमाण बरंच घटलं. भारतानेही जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांकरता, म्हणजे पोल्ट्रीतही, कोलिस्टिनवर बंदी घातली.

आपण काय करायचं?

- चिकन आतपर्यंत नीट शिजवा. ७४ अंश सेल्सिअसला असे जिवाणू मरतात, प्रतिरोधक असले तरी.
- कच्चं चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर उडतात.
- त्याची सुरी-पाट कोशिंबिरीसाठी वापरू नका, हात साबणाने धुवा.
- पोल्ट्री असेल तर लसीकरण आणि कोरडं लिटर यांवर भर द्या. पशुवैद्यांना विचारल्याशिवाय अँटिबायोटिक देऊ नका.
- कोंबडीखत नीट कुजवूनच शेतात टाका.

हे जिवाणू शेडमधून खत, सांडपाणी आणि कामगारांच्या हातांवाटेही बाहेर पडतात. त्यामुळे चिकन न खाणाराही यातून सुटत नाही. उद्या आयसीयूमध्ये त्यालाही तेच औषध लागू शकतं.